नावाचा अर्थ आणि नोंदवहीतील नाव



माणसाला स्वतःची म्हणून मिळणारी पहिली वस्तू म्हणजे त्याचे नाव. मात्र ती निवडण्याचा अधिकार त्याला नसतो. बाराव्या दिवशी पाळणा सजतो, आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि उपस्थितांना घुगऱ्या वाटल्या जातात. पुढे हेच नाव जन्माच्या नोंदवहीत, शाळेच्या हजेरीपटावर, मतदार यादीत आणि सात-बाराच्या उताऱ्यावर उमटते. म्हणूनच नावाचा विचार हा केवळ हौसेचा विषय राहत नाही. नोंदवही लिहिणारा कर्मचारी, हजेरी घेणारा शिक्षक आणि गावाचा कारभार पाहणारा पंचायत सदस्य यांनाही तो जाणून घेणे आवश्यक ठरते.

ठाण्याचा घोडबंदर रोड हा या विचारासाठी सोयीचा परिसर आहे. मूळची गावे, डोंगरातील पाडे आणि नवी नगरे येथे एकमेकांच्या शेजारी नांदतात. माजिवडे, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळे अशी गावे ओलांडीत हा रस्ता गायमुखमार्गे घोडबंदरकडे जातो. घोडबंदरचा किल्ला १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून जिंकून घेतला. घोड्यांचा व्यापार जेथे चाले ते घोडबंदर, अशी या स्थलनामाची उपपत्ती सांगितली जाते. रस्त्यालगतच्या गावांत आगरी आणि कोळी समाजाची जुनी वस्ती आहे. येऊरच्या डोंगरात वारली पाडे आहेत. गेल्या तीन-चार दशकांत उभ्या राहिलेल्या उत्तुंग इमारतींत तर देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली कुटुंबे राहतात. साहजिकच नावे ठेवण्याच्या अनेक रीती या एका रस्त्याच्या काठाने एकत्र आल्या आहेत.

पहिली रीत काळाशी निगडित आहे. वारली आणि इतर आदिवासी समाजांत जन्मवारावरून नाव ठेवण्याची प्रथा जुनी आहे. सोमवारी जन्मला तो सोमा, मंगळवारचा मंगळ्या, बुधवारचा बुध्या आणि शुक्रवारचा शुक्र्या. मुलींसाठी सोमी, मंगळी, बुधी. वारली चित्रकलेला जगभर नेणारे आणि २०११ साली पद्मश्रीने गौरविले गेलेले जिव्या सोमा मशे यांच्या नावातील ‘सोमा’ हा शब्द याच परंपरेची आठवण करून देतो. शहरी कानाला ही नावे ओबडधोबड वाटतात. वस्तुतः ज्या घरात पंचांग नव्हते आणि दाखलाही नव्हता, तेथे जन्माची एक नोंद मुलाच्या नावातच जपून ठेवलेली असे.

दुसरी रीत नक्षत्राची. जन्मनक्षत्राच्या चरणावरून नावाचे आद्याक्षर ठरते. अश्विनीला ‘चू, चे, चो, ला’ ही अक्षरे, तर आर्द्रेला ‘कु, घ, ङ, छ’. आता ‘ङ’ने आरंभ होणारे नाव कोठून आणावे? आद्याक्षराच्या अशा अडचणीतूनच कितीतरी अपरिचित नावे शोधली जातात आणि काही तर नव्याने घडविली जातात.

तिसरी रीत भयाची आहे, आणि तिचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. दगडू, धोंडू, केरू, उकिरडा, भिकू ही नावे एके काळी महाराष्ट्राच्या खेडोपाडी ऐकू येत. देवी, पटकी आणि धनुर्वात यांनी घरातील मुले एकामागून एक दगावत. तेव्हा मागाहून जन्मलेल्या मुलाचे नाव आईबाप मुद्दाम तुच्छ वस्तूवरून ठेवीत. दगडाला कोणाची दृष्ट लागणार, आणि केराला मृत्यू तरी कशाला उचलून नेणार, अशी ती भाबडी समजूत होती. मुलाचे नाक टोचून त्याला नथ घालीत आणि नथू म्हणत, तीही त्यातलीच. बंगालमध्ये मूल तीन किंवा पाच कवड्यांना विकल्याचा विधी करून त्याला तिनकडी, पाचकडी म्हणत. उत्तर हिंदुस्थानात घसीटा आणि फेकू ही नावे आढळतात. शब्द हीन असला, तरी त्यामागची माया हीन नव्हती. ‘धोंडू’ नावाला आणखीही एक उगम आहे. अधिक मासाला आपण धोंड्याचा महिना म्हणतो आणि त्या महिन्यात जन्मलेल्या मुलालाही हे नाव मिळे. अशा नावांनी कोणाची वाट अडविली नाही. धोंडो केशव कर्वे स्त्रीशिक्षणाच्या कार्याने महर्षी झाले आणि १९५८ साली भारतरत्न ठरले. पुण्यात दगडूशेठ हलवाई यांचे नाव तर गणपतीच्या नावाशी कायमचे जोडले गेले.

मात्र याच नावांसारखे दिसणारे, परंतु हेतूने अगदी उलट असे एक नाव महाराष्ट्रात होते. ते म्हणजे नकुशी, नकुसा किंवा नकोशी. दगडू हे नाव मुलाला धरून ठेवण्यासाठी होते. नकुशी हे नाव मुलीला नाकारण्यासाठी होते. मुलीमागून मुलगी झाली की शेवटच्या मुलीचे नाव असे ठेवावे, म्हणजे पुढे मुलगा होतो, अशी ही समजूत. बंगालमधील ‘आन्नाकाली’ या नावामागेही ‘हे काली, आता आणखी नको’ अशीच विनवणी आहे. वास्तविक अपत्य मुलगा होणार की मुलगी, हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. त्यात मातेचा दोष नाही, आणि मुलीच्या नावाचा तर संबंधच नाही. तरीही हजेरी होताना रोज ‘नकुशी’ अशी हाक ऐकून ‘हजर’ म्हणण्याची पाळी त्या मुलीवर येत असे. आपण या घराला नको होतो, ही गोष्ट तिला दिवसातून दहादा ऐकावी लागे.

सातारा जिल्ह्यात प्रशासनाने अशा मुलींचा शोध घेतला आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. नव्या नावाची प्रमाणपत्रे त्यांच्या हाती पडली. या घटनेचा काळही ध्यानात घेण्यासारखा आहे. शून्य ते सहा वर्षे वयोगटात महाराष्ट्रात दर हजार मुलांमागे २००१ च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये ती संख्या ८९४ वर आली. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ सालीच संमत झाला होता. नकुशी हे नाव आणि घटणारी ही संख्या एकाच मनोवृत्तीची दोन रूपे होती. नाव बदलल्याने मनोवृत्ती आपोआप बदलत नाही, हे खरे. परंतु सरकारी कागदावरील अपमान सरकारी कागदानेच पुसला जाऊ शकतो, हे साताऱ्याने दाखवून दिले. वर्धा जिल्ह्यात १९४८ साली जन्मलेल्या एका नकोशा मुलीला घरचे ‘चिंधी’ म्हणत. तीच पुढे सहस्रावधी अनाथांची माय, सिंधुताई सपकाळ, म्हणून ओळखली गेली.

आता नव्या नावांकडे वळू. वेगळे नाव असावे, सोसायटीत दुसऱ्या कोणाचे नसावे, ही आजच्या पालकांची इच्छा असते. तीत गैर काही नाही. मात्र नावांच्या यादीत दिलेला अर्थ कोशाशी ताडून पाहणे हिताचे असते. ‘आरव’ म्हणजे शांत, असे अनेक याद्या सांगतात. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, कोलाहल. ‘अनय’ हे नाव राधेच्या पतीचे म्हणून कानाला परिचित आहे, परंतु त्या शब्दाचा कोशगत अर्थ अनीती, दुर्वर्तन असा होतो. ‘कियारा’ हे इटालियन नावाशी जोडले तर तेजस्वी, आणि आयरिश नावाशी जोडले तर काळ्या केसांची! ‘समीर’ मात्र दोन्हीकडे गोड आहे. संस्कृतात तो वारा आहे आणि अरबीत सायंकाळच्या गप्पांचा सोबती. ‘मिहिर’ म्हणजे सूर्य. हा शब्द इराणातून आपल्याकडे आला आणि वराहमिहिराच्या नावात स्थिरावला. ‘इरा’ म्हणजे पृथ्वी, तसेच वाणी; ‘मृण्मयी’ म्हणजे मातीची घडलेली. मातीवरून ठेवलेले नाव इमारतीत काव्यमय ठरावे आणि धोंड्यावरून ठेवलेले नाव पाड्यावर हास्यास्पद, हा भेद शब्दाचा नाही. तो ऐकणाऱ्याच्या कानाचा आहे.

नाव ठेवणे घराचे काम असले, तरी ते टिकविणे कार्यालयाचे काम आहे. १९६९ च्या कायद्यानुसार जन्माची नोंद नावाशिवायही होऊ शकते. ती २१ दिवसांच्या आत करावयाची असते. नाव नंतर दाखल करता येते. नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क, आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. नाव सुचत नाही म्हणून नोंदच लांबणीवर टाकणे बरोबर नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून मतदार नोंदणीपर्यंत जन्मदाखल्याचे महत्त्व अधिकच वाढले आहे. तसेच १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत, शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर प्रथम आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम राज्य शासनाने ठरविला आहे. जी मुलगी एके काळी नकुशी ठरली असती, तिचे नाव उद्या तिच्या अपत्याच्या नावालगत मानाने लिहिले जाईल.

या सर्वांतून तीन साध्या गोष्टी करण्याजोग्या आहेत. नाव लिहून घेताना पालकांना ते पुन्हा उच्चारण्यास सांगावे आणि लिहिलेले वाचून दाखवावे. कारण शाळेच्या रजिस्टरातील एका चुकीच्या वेलांटीपायी पुढे राजपत्रापर्यंत धाव घ्यावी लागते. वर्गात बुध्या किंवा दगडू असे नाव आले, तर शिक्षकांनी त्याचा अर्थ मुलांना सांगावा, म्हणजे हसणारी मुले ऐकू लागतील. आणि एखादे नाव मुलीचा धिक्कार करणारे असेल, तर पंचायत सदस्यांनी तिच्या घरी जाऊन पालकांची समजूत घालावी आणि नाव बदलण्याची कागदपत्रे पूर्ण करण्यास साहाय्य करावे. नाव जुने असो वा नवे, संस्कृत असो वा वारली, हाक आली असता मुलाला मान वर करून ‘हजर’ म्हणता आले पाहिजे. ते पाहण्याची जबाबदारी नोंदवही ज्यांच्या हाती आहे त्या सर्वांची आहे.