खाऱ्या पाण्याची टाकी आणि एक किटली

मी बोलतेय कोलकात्याच्या फोर्ट विल्यममधून. म्हणजे 2024 च्या अखेरीस या किल्ल्याचं नाव विजय दुर्ग झालं, पण टॅक्सीवाल्याला अजून जुनंच नाव सांगावं लागतं. आमचे हे लष्करात, म्हणून क्वार्टर इथं. दक्षिणेचं सेंट जॉर्ज गेट आता शिवाजी गेट झालंय. ती पाटी पहिल्यांदा दिसली, तेव्हा मी उगीचच दोनदा तिकडून फिरून आले. त्यातून माझं माहेर देवगड तालुक्यातलं, आपल्या कोकणातल्या विजयदुर्गाच्या बाजूचं. किल्ल्यातलं बाकी काही दाखवता येणार नाही, त्यामुळे कॅमेरा फक्त या टाकीवर राहील.

टाकीत ही जी फुलं दिसताहेत, हिरवा घेर आणि मध्ये केशरी ठिपका, ती फुलं नाहीत, प्राणी आहेत. झोअँथिड. छंदवाले लाडानं ‘झोआ’ म्हणतात. प्रवाळांचे हे चुलत भाऊ. दगडी प्रवाळासारखा चुन्याचा सांगाडा यांना नसतो. पायाशी सगळे एकमेकांना जोडलेले, आणि अंगात सूक्ष्म शैवाल पाळलेलं. ते शैवाल उजेडावर अन्न तयार करतं आणि यांना वाटा देतं.

लहानपणी ओहोटीला आम्ही कातळावर जायचो, तेव्हा खाचांत तपकिरी-हिरवा बुळबुळीत थर असायचा. बोट लावलं की मिटायचा. त्यावरून घसरून मी दोनदा गुडघे फोडून घेतलेत. तेच हे, हे मला कळलं कोलकात्यात, वयाच्या चाळिशीत!

इथं समुद्र नाही. किल्ल्याला लागून हुगळी आहे, तिला भरती-ओहोटीही आहे, पण पाणी गढूळ आणि टाकीसाठी निरुपयोगी. रविवारी बागबाजारजवळ गॅलिफ स्ट्रीटवर पाळीव प्राण्यांचा बाजार भरतो. तिथं मासे बघताना एका दादांची ओळख झाली. ‘नोना जॉल’ची, म्हणजे खाऱ्या पाण्याची, त्यांची जुनी टाकी होती. त्यांनी मला सिरॅमिकच्या छोट्या चकतीवर चिकटवलेले पाच झोआ दिले आणि वर दम दिला, आधी पाणी पिकू द्या.

पिकू द्या म्हणजे काय, तर आरओ-डीआयच्या शुद्ध पाण्यात समुद्री मीठ कालवायचं, लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार. मग चार ते सहा आठवडे थांबायचं. तेवढ्यात दगडांवर जिवाणू वसतात आणि घाणीतला अमोनिया आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. हा धीर नसेल तर पुढचं ऐकूच नका.

लोकांना वाटतं, पाणी जितकं निर्मळ तितकं बरं. झोआंना ते मानवत नाही. नायट्रेट शून्यावर आणलं तेव्हा माझे झोआ आक्रसले. पाचदहा पीपीएम ठेवलं, तेव्हा खुलले. उजेड मध्यम. फार अंधार असला की माना लांबवतात, फार प्रखर असला की मिटून बसतात. खरा शत्रू कोलकात्याचा उन्हाळा. तापमान 25-26 अंश हवं, आणि मे महिन्यात खोलीच 36 ला. पृष्ठभागावर पंखा लावला की पाणी दोनतीन अंशांनी उतरतं, पण वाफ होऊन पातळीही उतरते. वाफेत मीठ जात नाही, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. मी सुरुवातीला खारं घालत होते. क्षार इतके चढले की आठवडाभर एकही झोआ उघडला नाही.

वर्षभरात पाचाचे साठ झाले. पण एका दगडाबरोबर तपकिरी, जाड देठांचा पॅलिथोआ आला होता. झोअँथिडांतलाच, पण हा वाळूचे कण अंगात रोवून घेतो आणि शेजाऱ्यांना दाबून टाकतो. मला तो दगड साफ करायचा होता. मी तो सिंकमध्ये ठेवला आणि वर किटलीभर उकळतं पाणी ओतलं.

एसी चालू म्हणून खिडक्या बंद. अर्ध्या तासात तोंडाला धातूची चव आली. रात्री हुडहुडी, छातीत आवळल्यासारखं, खोकला. पलीकडच्या खोलीत मुलगी खोकायला लागली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लंत? मी सांगितलं, वरणभात. टाकीचं माझ्या डोक्यातही आलं नाही. सकाळी दादांचा सहज फोन आला, मी दगडाचं सांगितलं. ते गप्पच झाले. मग एवढंच म्हणाले, “दीदी, आगे डाक्तारबाबूके बोलुन.” आधी डॉक्टरांना सांगा. मुलीचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला. मला दोन दिवस ऑक्सिजन लागला.

पॅलिटॉक्सिन असं त्या विषाचं नाव. 1971 मध्ये मूर आणि शॉयर यांनी हवाईतल्या पॅलिथोआतून ते वेगळं काढलं. तिथल्या जुन्या कथेत भाल्यांच्या टोकांना लावायचं म्हणून ते येतं. पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर टाकणारा पंप असतो, तो हे विष उघड्या नळासारखा करून ठेवतं. उतारा नाही. उकळल्यानं ते मरत नाही, वाफेबरोबर उडून फुफ्फुसात जातं. 2018 मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये एका घरात टाकी साफ करताना असंच झालं आणि मदतीला आलेले अग्निशामक जवानही रुग्णालयात गेले.

सगळ्या झोआंत ते सारखं नसतं. पॅलिथोआत जास्त सापडतं, पण नुसतं बघून खात्री देता येत नाही. म्हणून आता माझे हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा, बोटाला चीर असेल तर टाकीत हात नाही. झोआ कापायचे तर दगड पाण्यात बुडालेला ठेवून कापते, कारण कापताना चिळकांडी उडते. नको असलेला दगड उघड्यावर, थंड पाण्यात ब्लीच घालून, झाकण लावून. गरम पाणी, घासणी, हेअर ड्रायर, काही नाही.

कोकणातली मंडळी विचारतात, आमच्या कातळावर फुकट आहेत, आणू का? नका आणू. 2001 पासून दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. छिन्नी मारताना त्यातलं काय निघेल हे तुम्हाला ओळखता येणार नाही, मलाही नाही. शिवाय त्याची गरजच काय? पाचाचे साठ झाले की छंदवाले वाटतच सुटतात.

आमचीही पोस्टिंगची ऑर्डर आलीय. टाकी नेता येणार नाही. सतरा चकत्या कापून ठेवल्यात, त्यातल्या पाच दादांकडे परत जातील. एक शेजारच्या ब्लॉकमधल्या नववीतल्या मुलाला. त्याच्या आईला मी किटलीची गोष्ट आधी सांगितली आणि मगच चकती दिली. ती थोडी घाबरली, पण टाकी ठेवायला हो म्हणाली.

दिवे साडेआठला बंद होतात, आणि मग हे सगळे मिटतील. तोवर कॅमेरा जरा जवळ नेते.