रहस्यपटाचा गृहपाठ

गृहपाठ म्हटला की वही, दौत आणि टाक ज्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहतात, त्यांस हल्लीचा एक गृहपाठ चमत्कारिक वाटल्यावाचून राहणार नाही. नवी मुंबईत वाशी, नेरूळ, खारघर या भागांतील महाविद्यालयांत जनसंज्ञापनाचा अभ्यास करणाऱ्या मुलांस चार-पाच मिनिटांचा चित्रपट करून आणावयास सांगतात. विषयाची मोकळीक असली म्हणजे पुष्कळांची धाव रहस्यपटाकडे जाते. पौराणिक चित्रपटास मुकुट लागतात, विनोदी चित्रपटास विनोद लागतो. रहस्यपट मात्र एक बंद दार, एक सावली आणि एक बेवारशी पिशवी एवढ्या भांडवलावर उभा राहील, अशी मुलांची समजूत असते. शिवाय शहरही त्यांस अनुकूल आहे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने आखून वसविलेल्या या नगरात लोकलगाडी १९९२ साली वाशीस पोचली. आणि त्या मार्गावरील स्थानके इतकी ऐसपैस आहेत की, त्यांच्या पायऱ्या, खांब व भुयारी वाटा पाहून कोणाही होतकरू दिग्दर्शकास पाठलाग सुचावा.

श्रोतेहो, अशा एखाद्या गटाची कल्पना करावी. मुलेमुली मिळून पाच जण आणि कॅमेरा म्हणजे मोबाइल. शिकवणीहून परतणाऱ्या मुलीच्या मागे एक अनोळखी मनुष्य लागतो, एवढेच कथानक. रेल्वेच्या हद्दीत चित्रण करावयाचे तर परवानगी लागते; ती हाती नसल्यामुळे स्थानकाबाहेरच्या पटांगणावर भागवावे लागते. (खेळण्यातील का होईना, पिस्तूल घेऊन रस्त्यात धावावयाचे असेल तर जवळच्या पोलीस चौकीस आधी कळवावे, हे घरच्या वडीलधाऱ्यांनी सांगून ठेवलेले बरे.) दोन दिवसांत चित्रण पुरे होते. सारे तुकडे ओळीने जोडले तो अकरा मिनिटे भरतात. आणि मुलगी दचकून मागे पाहते, नेमक्या त्याच जागी वर्गातील मंडळी खो खो हसतात.

बिचारी मुलगी मन लावून घाबरली होती, काळोखही खरा होता. मग भीती गेली कोठे? तर ती चित्रणात नव्हतीच. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात कुलेशॉव्ह नावाच्या चित्रपटशिक्षकाने एका नटाचा निर्विकार चेहरा घेऊन त्यापुढे कधी सूपची बशी, तर कधी शवपेटिका जोडून दाखविली. चेहरा तोच, पण पाहणाऱ्यांस त्यात एकदा भूक दिसली, एकदा शोक दिसला. दोन तुकड्यांच्या सांध्यावर अर्थ उपजतो, तो असा. रहस्यपटात या सांध्यास काळाचे मापही लागते. हिचकॉक यांनी १९६२ साली त्रूफो यांच्याशी बोलताना दिलेले उदाहरण प्रसिद्धच आहे. टेबलाखाली बाँब आहे हे प्रेक्षकांस ठाऊक नसेल, तर तो फुटताच पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. ठाऊक असेल, तर टेबलाजवळच्या माणसांच्या निरर्थक गप्पाही पंधरा मिनिटे श्वास रोखून धरावयास लावतात. आपल्या गटाने पाठलाग करणारा मनुष्य अथपासून इतिपर्यंत पुरता दाखविला. प्रेक्षकांना वाट पाहावयास काहीच उरले नाही, म्हणून ते हसले.

याचा उत्तम दाखला शोधावयास फार लांब जावयास नको. बोरघाट चढून पुण्यास गेले की तो मिळतो. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापुराहून ज्या जागी आली, त्याच आवारात १९६० साली सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था काढली. तेथे रेणू सलुजा नावाच्या विद्यार्थिनीस शिकावयाचे होते दिग्दर्शन. त्या वर्गात प्रवेश मिळाला नाही, म्हणून त्या संकलनाकडे वळल्या. हिंदी चित्रपटांच्या संकलनकक्षात त्या काळी स्त्री विरळाच. त्यांचे सहाध्यायी विधु विनोद चोप्रा यांनी पदविकेसाठी १९७६ साली ‘मर्डर अॅट मंकी हिल’ हा लघुपट केला. तोही विद्यार्थ्यांनी केलेला रहस्यपटच, आणि त्याचे संकलन रेणूबाईंचे. या गृहपाठास प्रायोगिक लघुपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. पुढे १९८१ साली त्याच कथेवर ‘सजाए मौत’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट निघाला.

त्या काळचे काम कसे चाले, हे आजच्या मुलांनी जाणून घेण्याजोगे आहे. एका सेकंदास चोवीस चित्रे. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फितीवर फुटास सोळा. म्हणजे एका मिनिटास नव्वद फूट फीत. ती यंत्रावर पुढेमागे फिरवून पाहावयाची, खूण करून कापावयाची, चिकटपट्टीने सांधावयाची. वगळलेले तुकडे आकड्यांना टांगून ठेवावयाचे. कारण आज नको वाटलेली आठ चित्रे उद्या हवी झाली, तर त्या गुंत्यातून ती हुडकून काढणे आले. साहजिकच कात्री लावण्यापूर्वी विचार होई. मोबाइलवर केलेला काप बोटाच्या एका स्पर्शाने मागे घेता येतो. त्यामुळे धीर येतो हे खरे. पण निर्णय लांबणीवर टाकण्याची खोडही त्यातूनच लागते.

१९८३ सालच्या ‘जाने भी दो यारों’चे संकलन रेणूबाईंचेच. त्यातील दोन छायाचित्रकार एक छायाचित्र मोठे करीत जातात आणि त्यात त्यांस खून सापडतो; संकलकाच्या धंद्याचे याहून खट्याळ चित्र क्वचितच कोणी काढले असेल. १९८९ च्या ‘परिंदा’मध्ये मित्राच्या हत्येच्या वेळी कबुतरांचा थवा भर्रकन उडतो. पाहणाऱ्याच्या मनात तो प्रसंग पुढे पंखांच्या फडफडीसह राहतो. या चित्रपटासाठी त्यांना संकलनाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. ‘धारावी’, ‘सरदार’ आणि ‘गॉडमदर’ धरून अशी चार पारितोषिके त्यांच्या नावावर आहेत. १६ ऑगस्ट २००० रोजी त्या वारल्या. दिग्दर्शनाचा वर्ग ज्यांस नाकारला गेला, त्यांच्या मेजावर अनेक दिग्दर्शकांचे चित्रपट आकारास आले.

आता पुन्हा नेरूळच्या एखाद्या घरात यावे. जेवणाच्या टेबलावर पाचही जण बसले आहेत आणि संकलन गटातील एका मुलीकडे आले आहे. तिने पहिल्यांदा त्या मनुष्याचा चेहरा काढून टाकला. ठेवली फक्त चपलांची चालती जोडी. मग मुलीच्या पावलांचा आवाज ठेवून दुसऱ्या पावलांचा मध्येच बंद केला. अडचण आली ती पहाटेच्या देखाव्याची. त्यासाठी सगळे चार वाजता उठले होते. स्थानकामागून सूर्य वर येतानाचा तो तुकडा दिग्दर्शकाचा जीव की प्राण होता आणि खरोखरच देखणा होता. पण तो मध्ये आला की पाठलाग थांबे. दोन दिवस वाद झाला. “माझा चित्रपट आहे,” असे तो म्हणाला. “बघणारा तुझा नाही,” असे तिने सांगितले. शेवटी तुकडा गेला आणि दोघांचे बोलणेही काही काळ गेले.

साडेचार मिनिटांचा चित्रपट वर्गात पुन्हा लावला. मुलीने मागे वळून पाहिले. मागे कोणीच नव्हते. वर्गात कोणी हसले नाही. शेवटच्या बाकावर कोणाच्या हातून पेन पडले, तेव्हा पुढच्या रांगेतील दोघे दचकले. दिग्दर्शक पडद्याकडे न पाहता त्या दोघांकडे पाहत होता. तास संपल्यावर त्याने तिच्याजवळ जाऊन विचारले, “तो पहाटेचा तुकडा पुसून तर नाही ना टाकलास?”