उभ्या गाडीचा ताप



जुन्या मोटारींची हौस असणाऱ्या, किंवा वडिलांच्या पश्चात त्यांची गाडी श्रद्धेने चालती ठेवणाऱ्या मंडळींकडून एक तक्रार वारंवार कानी येते. ती अशी की, गाडी मोकळ्या रस्त्यावर तासचे तास विनातक्रार धावते, परंतु सिग्नलला किंवा नाक्यावरच्या रांगेत चार-पाच मिनिटे इंजिन चालू ठेवून उभी राहिली, की उष्णतामापकाचा काटा लाल खुणेकडे सरकू लागतो. यावर सर्रास जी तजवीज होते ती एकामागून एक भाग बदलण्याची: आधी थर्मोस्टॅट, मग वॉटर पंप, अखेरीस रेडिएटर. मालकाचा खिसा रिकामा होतो आणि कसूर जागच्या जागी राहते. म्हणून आज माझे आग्रहाचे सांगणे एवढेच आहे, की गाडी तापते हे कळणे पुरेसे नव्हे. ती केव्हा तापते हे नीट विचारले, तर पान्याला हात लावण्यापूर्वीच तपासाची दिशा मुक्रर होते.

उदाहरण म्हणून आपल्या सर्वांच्या परिचयाची प्रीमियर पद्मिनी घेऊ. फियाट कंपनीने १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात जी अकराशे गाडी नव्या रूपात मांडली, तिचीच ही वंशज. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती १९६४ पासून डिलाइट या नावाने आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने बाहेर पडू लागली. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आता ज्या काही उरल्या आहेत, त्या घरोघरच्या जिव्हाळ्यावर. तिचे १,०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन साधे आणि प्रामाणिक आहे. रेडिएटरमागचा पंखा वॉटर पंपाच्या आसावरच बसविलेला असून दोहोंना एकच पट्टा फिरवितो. म्हणजे इंजिन मंदावले, की वारा आणि पाण्याचा प्रवाह दोन्ही एकदमच मंदावतात.

आता गाडी पळत असताना रेडिएटरला समोरून आपोआप मुबलक हवा मिळते आणि पंख्याची गरज जवळजवळ उरत नाही. उभ्या गाडीला मात्र पंख्याखेरीज दुसरा आधार नाही, आणि पंखा ओढतो ती हवा बहुतांशी त्याच्या फेऱ्यांच्या प्रमाणात असल्यामुळे, मिनिटाला ७००-८०० फेऱ्यांवर ती ३,००० फेऱ्यांच्या मानाने चौथा हिस्साच भरते. यावरून एक सरळ विभागणी निघते. घाटात वा महामार्गावर जी गाडी तापते, तिच्यात पाण्याच्या वाटेवर, म्हणजे क्षाराने चोंदलेल्या नळ्यांत किंवा चालू इंजिनात आत चेपणाऱ्या खालच्या होजमध्ये दोष शोधावा. आणि जी केवळ उभी असतानाच तापते, तिच्यात प्रथम हवेची वाट व ठिणगीची वेळ तपासावी.

तत्पूर्वी काटा खरे सांगतो आहे की नाही, याची खातरजमा करणे आवश्यक आहे. रेडिएटरच्या वरच्या टाकीवर बाहेरून उष्णतामापक टेकवून आलेले अंश काट्याशी ताडून पाहावेत. जुन्या गाड्यांतील मापक व त्याच्या तारा यांनी कित्येक निर्दोष इंजिनांची बदनामी केली आहे. काट्याची फिर्याद खरी ठरली, तर गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवूनच अॅक्सिलरेटर किंचित दाबून फेऱ्या दुपटीने वाढवाव्यात. दोन-तीन मिनिटांत काटा खाली येऊ लागला, तर मंद गतीला वारा अपुरा पडतो, हे बहुतांशी समजावे.

पट्ट्याच्या लांब बाजूवर मध्यभागी अंगठ्याने दाबले असता तो साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबावा. त्याच्या कडा काचेसारख्या चकाकत असतील, तर तो ताणलेला दिसूनही घसरत असतो. एक साधा कागद रेडिएटरच्या जाळीपुढे धरला आणि तो खेचला जाऊन जाळीला चिकटून राहिला नाही, तर पंखा उलटा बसलेला आहे काय, किंवा पन्हळ्यांत वर्षानुवर्षांची माती, तेलकट धूळ आणि मेलेले किडे साचले आहेत काय, हे पाहावे. पुढे जादा दिवे लावून हवेची वाट स्वहस्ते बंद करणारे मालकही मी पाहिले आहेत. पन्हळ्या धुताना पाण्याची धार इंजिनाच्या बाजूने पुढे सोडावी, म्हणजे घाण आली त्याच वाटेने बाहेर पडते.

परंतु सर्वाधिक दुर्लक्षित कारण हवेचे नव्हे, ठिणगीचे आहे, आणि त्यावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. मंद गतीला सिलिंडरमधील मिश्रण विरळ असते, जळालेल्या वायूचा अंशही त्यात बराच उरलेला असतो, त्यामुळे ते सावकाश जळते. अशा वेळी ठिणगी उशिरा पडली, तर पिस्टन खाली उतरला तरी ज्वलन चालूच राहते, आणि जी उष्णता कामी यावयाची ती उघड्या एक्झॉस्ट व्हाल्व्हमधून तांबडीलाल होऊन बाहेर पडते. हेडमधील तो मार्ग पाण्यानेच वेढलेला असल्यामुळे तिचा भार अखेर रेडिएटरवर येतो. आता डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट पाहा. कॅमवर घासणारे त्याचे छोटे टाच-टोक झिजत जाते, तशी फट कमी होते, आणि फट कमी झाली की ठिणगी आपोआप मागे पडते. मालकाला काही कळत नाही, इंजिन सुरू होते, चालतेही; केवळ एप्रिल-मे महिन्यांत रांगेत उभे असताना ते तापू लागते. ज्या गाड्यांत व्हॅक्यूमचा पडदा ठिणगी पुढे ढकलतो, तेथे तो फाटलेला असल्यास परिणाम तसाच होतो. फीलर गेजने फट तपासावी आणि टायमिंग लाइटने पुलीवरची खूण पाहावी. अर्ध्या तासाच्या या कामासाठी रेडिएटर उतरविण्याची काहीच आवश्यकता नाही.

कार्ब्युरेटर व मॅनिफोल्ड यांच्या सांध्यातून चोरवाटेने हवा शिरत असेल, तर मिश्रण आणखी विरळ होऊन जळण्यास आणखी वेळ घेते. त्याची खूण म्हणजे डळमळणारी मंद गती. हेड गॅस्केट फुटले असल्यास गाडी सर्वत्रच तापते. थंड इंजिन रेडिएटरचे झाकण काढून सुरू केले असता गळ्यात अखंड बुडबुडे दिसतात, आणि त्याचा फैसला वर्कशॉपमध्येच व्हावा.

राहिला झाकणाचा प्रश्न. पाणी समुद्रसपाटीस १०० अंशांना, तर महाबळेश्वरच्या उंचीवर सुमारे ९५ अंशांनाच उकळते. झाकण चौरस इंचास ७ पौंड दाब धरून ठेवीत असेल, तर समुद्रसपाटीस हीच मर्यादा ११० अंशांच्या थोडी वर जाते. झाकणाची रबरी चकती कडक झाली, की हा दाब राहत नाही व पाणी वेळेआधीच उसळते. आणि थर्मोस्टॅट काढून टाकण्याची जी रीत आपल्याकडे रूढ आहे, तिला मी स्पष्ट विरोध करतो. पाणी तापल्यावर तो पूर्ण उघडत असेल, तर उभ्या गाडीच्या तापाशी त्याचा संबंध उरत नाही. आणि तो काढल्याने सकाळी इंजिन गरम होण्यास विलंब लागून सिलिंडरची झीज मात्र वाढते. शंका असल्यास तो पातेल्यातील पाण्यात तापवून, त्यावर कोरलेल्या अंशाला उघडतो की नाही ते पाहावे, आणि उघडत असेल तर पुन्हा जागेवर बसवावा.