घरी शिकणारे मूल आणि मूळ ग्रंथ



मुंबईच्या मालविका जोशीला आईने शाळेतून काढून घरी शिकविले. दहावीचे प्रमाणपत्र नसतानाही, आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडमधील पदकांच्या बळावर 2016 साली तिला अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये प्रवेश मिळाला. असे सर्वांना साधेल असे नाही; आपण आपले एन.आय.ओ.एस.ची दहावी देववून ठेवावी हे बरे.

मात्र घरी शिकणाऱ्या मुलाला एका पानावर आठवडा घालविता येतो. आम्हा शिक्षकांना वर्गात ती सवड नसते, आणि मूळ ग्रंथाला तीच लागते. पाठ्यपुस्तकात सूत्र आयते मिळते. ते आले कोठून, हे मूळ ग्रंथात दिसते.

अल-ख्वारिझमी यांचा नवव्या शतकातील बीजगणिताचा ग्रंथ घ्या. त्याचे 1831 चे इंग्रजी भाषांतर आहे. त्यात चिन्हे नाहीत, सारे शब्दांत. एक वर्ग व त्याची दहा मुळे मिळून 39 होतात, तर मूळ किती? मूल येथे अडते. सूत्र सांगू नका, पुठ्ठा व कात्री द्या. कोणताही एक चौरस कापून त्याच्या लगतच्या दोन बाजूंना तेवढ्याच लांबीच्या पट्ट्या लावू द्या. रुंदी 5 मानावी. तिन्ही मिळून 39. कोपरा मोकळा राहतो, तो 25 चा. भरला की 64, बाजू 8. त्यातून 5 वजा, मूळ 3.

वडील फिटर असोत, आई शिवणकाम करो, गणित येत नसले तरी एवढे विचाराच : "बेटा, हे वाक्य वरच्या कोणत्या वाक्यावरून आले?" उत्तर येईना, तर तेथे पेन्सिलीने खूण करून पुस्तक मिटा. उद्या तेथूनच.