दुकानाची वाढ आणि परिग्रहाची मर्यादा
(सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भंडारा नगरीची ओळख एकेकाळी पितळेच्या भांड्यांनी होती. लग्नात आंदण म्हणून दिले जाणारे गुंड, घागरी, पराती आणि गंज येथे घडत असत व दूरदूरच्या बाजारांत जात असत. पुढे अ‍ॅल्युमिनियम आले, स्टेनलेस स्टील आले, प्लास्टिक आले आणि ठोक्यांचा तो आवाज हळूहळू मंदावला. या घटनेतील एक गोष्ट व्यापाऱ्याने नीट ध्यानात घेण्यासारखी आहे. गिऱ्हाइकाने स्वयंपाक करणे थांबविले नव्हते, पाणी भरणेही थांबविले नव्हते; त्याने केवळ धातू बदलला. ज्या दुकानदाराने वेळेवर पितळेशेजारी स्टीलची मांडणी लावली त्याचे गिऱ्हाईक टिकले. ज्याने पितळेच्या कीर्तीवर विसंबून राहणे पसंत केले त्याच्याकडे कीर्ती उरली आणि माल उरला.

आज तीच वेळ कापड, किराणा, भांडी आणि जनरल स्टोअर्स यांच्या दारात उभी आहे. नागपूर साठेक किलोमीटरवर आहे आणि महामार्ग रुंद झाला आहे. त्याहून जवळची बाजारपेठ गिऱ्हाइकाच्या खिशातील मोबाइलमध्ये आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाल्यानंतर भंडारा जिल्हा सात तालुक्यांचा राहिला. येथील गिऱ्हाइकांची संख्या एकाएकी वाढण्याची शक्यता नाही. अशा स्थितीत लहान दुकान वाढवायचे म्हणजे नेमके काय वाढवायचे, हा प्रश्न आहे. समाजातील अनेक घरांत वडील गादीवर आणि मुलगा पुण्याला किंवा हैदराबादला, असे चित्र असताना हा प्रश्न केवळ हिशेबाचा राहत नाही.

वाढ म्हणजे मोठे दालन, काचेचा दरवाजा आणि वातानुकूलन, असा एक समज रूढ झाला आहे. तो महागात पडतो. दुकानाची खरी वाढ भांडवल वर्षातून किती वेळा फिरते यावरून मोजावी. समजा, दोन दुकानांत प्रत्येकी १० लाख रुपयांचा माल आहे. पहिला दुकानदार खरेदीवर ३० टक्के नफा धरतो, पण त्याचा माल वर्षातून दोनदाच फिरतो. त्याने २० लाखांच्या खरेदीवर ६ लाख मिळविले. दुसरा केवळ १८ टक्के नफा घेतो, पण माल चार वेळा फिरवितो; त्याला ४० लाखांच्या खरेदीवर ७ लाख २० हजार मिळाले. जागा तीच आणि भांडवलही तेच. शिवाय दुसऱ्याकडे नवा माल असतो, म्हणून गिऱ्हाईक पुन्हा येते. पहिल्याकडे फडताळात कुबट वास येऊ लागतो.

कापडाच्या थानावर खरेदीची किंमत सांकेतिक अक्षरांत लिहिण्याची आपल्या व्यापाऱ्यांची रीत जुनी आहे. त्या चिठ्ठीवर खरेदीचा महिना आणि वर्षही लिहावे, एवढी साधी सूचना आहे. किंमत लिहिली म्हणजे किती कमवायचे ते कळते. महिना लिहिला म्हणजे किती काळ गमावला ते कळते. एक वर्ष उलटलेला माल मुद्दलात काढावा, दोन वर्षे उलटलेला घाट्यात काढावा. घाटा सोसवत नाही म्हणून जपून ठेवलेल्या मालावर दररोज व्याज चढत असते, मात्र ते वहीत दिसत नाही, म्हणून दुखत नाही.

खरेदी कधी करावी याचे उत्तर सुरतेच्या दलालाकडे नाही, ते धानाच्या बांधीत आहे. या जिल्ह्याच्या बाजारात पैसा धानामागून येतो. जून महिन्यात शाळेचे गणवेश, पोळ्याला थोडीबहुत उलाढाल, त्यानंतर दिवाळी. आणि दिवाळी संपली की गावोगावच्या मंडई सुरू होतात. दंडार आणि नाटक पाहायला पाहुणे येतात, लेकी-जावई येतात, कपडे घेतले जातात. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई. मात्र धान केंद्रावर गेला म्हणजे पैसा लगेच हातात आला असे होत नाही. चुकारे लांबतात आणि त्याबरोबर दुकानाची वसुलीही लांबते. ज्या व्यापाऱ्याने खरेदीची हुंडी दिवाळीनंतर पंधरा दिवसांची स्वीकारली, त्याची झोप त्या पंधरा दिवसांतच उडते. म्हणून ठोक व्यापाऱ्याशी भाव ठरविताना मुदतीचीही बोलणी करावी; दोन टक्के सुटीपेक्षा एक महिन्याची मुदत कित्येकदा अधिक मोलाची असते.

आता उधारीविषयी थोडे विस्ताराने, कारण गावातील दुकाने स्पर्धेमुळे जितकी बुडाली त्याहून अधिक उधारीमुळे बुडाली असे म्हणावेसे वाटते. एक हजार रुपयांना खरेदी केलेली साडी बाराशे रुपयांना, अशा दहा साड्या उधारीत गेल्या. वहीत दोन हजार रुपये नफा दिसतो. दहांपैकी एका गिऱ्हाइकाने पैसे दिलेच नाहीत; बाराशे गेले, उरले आठशे. बाकीच्या नऊ जणांनी सहा महिन्यांनी दिले. दहा हजारांची रक्कम सहा महिने अडकली, वर्षाला बारा टक्क्यांच्या दराने तिचे व्याज सहाशे रुपये झाले. उरले दोनशे. त्यातून दुकानाचे भाडे, वीजबिल आणि नोकराचा पगार द्यायचा आहे. नऊ प्रामाणिक गिऱ्हाइके आणि एक बुडवा, एवढ्या चांगल्या प्रमाणातही हा व्यवहार तोट्यातच जातो.

तरीही शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात उधारी पूर्ण बंद करावी, हा सल्ला पुस्तकी ठरेल. उधारी द्यावी, पण तिला मर्यादा, मुदत आणि सही असावी. प्रत्येक खात्याला एक कमाल रक्कम ठरवावी व ती गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावी. कायद्याची एक बाब पुष्कळांना माहीत नसते. मुदतीच्या कायद्याप्रमाणे (सन १९६३) विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा करण्याची मुदत तीन वर्षांची आहे. माल दिल्याच्या तारखेपासून किंवा ठरलेली उधारीची मुदत संपल्यापासून ती मोजली जाते. ती संपण्यापूर्वी गिऱ्हाइकाने बाकी मान्य असल्याचे लिहून सही दिली तर तीन वर्षे नव्याने सुरू होतात. म्हणजे दर दिवाळीला बाकी काढून त्याखाली सही घेण्याची आजोबांची पद्धत केवळ रीत नव्हती, तिच्यात वकिलाचे शहाणपण होते. ‘सही कशाला, आपल्या घरचाच माणूस’ असे म्हणून जी बाकी सोडून दिली जाते, तीच पुढे घरच्या माणसाला परका करते.

सुटीच्या फलकांविषयी एकच आकडा पुरेसा आहे. त्याच बाराशेच्या साडीवर दहा टक्के सूट दिली तर ती एक हजार ऐंशीला जाते आणि दोनशेचा नफा ऐंशीवर येतो. पूर्वीइतके मिळविण्यास अडीच पट साड्या विकाव्या लागतील. अडीच पट गिऱ्हाईक येणार असेल तर फलक जरूर लावावा. जुना माल काढण्यासाठी सूट हे औषध आहे. नव्या मालावर ते देऊ नये.

मोबाइलवर जे सहज तुलना करून मिळते, त्यात लहान दुकानदाराने भावाची लढाई लढू नये. जे तेथे नीट मिळत नाही ते द्यावे. ब्लाउज पीस जुळवून देणे, फॉल-पिकोची सोय, आखूड-लांब झाल्यास बदलून देणे, लग्नाच्या बस्त्याला घरच्या वृद्धांना बसायला गादी आणि पाणी. हे सारे येथेच होऊ शकते. दुसरे म्हणजे याच जिल्ह्याचा माल. मोहाडी तालुक्यातील आंधळगाव आणि परिसरात कोशाचे विणकाम पिढ्यान्‌पिढ्या होत आले; पवनीच्या सुती कापडाचाही एके काळी लौकिक होता. येथील किती दुकानांत हा माल मांडलेला दिसतो? मात्र येथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कोशाचा सलग धागा काढण्यासाठी कोश उकळतात आणि आतील जीव मरतो. ज्या श्रावकाच्या व्रतात हे बसत नाही त्याने तो माल ठेवू नये, सुती हातमागाकडे वळावे. ज्याला जीव बाहेर पडल्यानंतरच्या कोशापासून केलेले कापड मिळते, त्याने ते तसे सांगून विकावे. काय नाकारायचे हे ठरविलेला व्यापारी गिऱ्हाइकाच्या मनात अधिक काळ राहतो, असा अनुभव आहे.

विणकराकडून किंवा अन्य लहान उत्पादकाकडून माल घेतला, तर त्याचे पैसे थकवू नयेत. सूक्ष्म व लघु उद्योगांसंबंधीच्या २००६ च्या कायद्याने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत रक्कम देणे बंधनकारक केले आहे. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीमुळे अशी उशिरा दिलेली रक्कम, प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत, खर्च म्हणून धरता येत नाही. व्यापाऱ्यांनाही जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी करता येते, पण ती बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती. ४५ दिवसांचे संरक्षण व्यापाऱ्याला मिळत नाही. हा भेद न समजता पुष्कळ जण निर्धास्त असतात.

उपासकदशांग सूत्रात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा येते. त्याच्या बारा कोटी सुवर्णमुद्रांपैकी चार कोटी निधीत सुरक्षित होत्या, चार कोटी व्यापारात लागलेल्या होत्या आणि चार कोटी घरदाराच्या वैभवात होत्या. भगवान महावीरांकडे त्याने व्रते घेतली तेव्हा संपत्ती टाकून दिली नाही. तिची मर्यादा बांधली. नांगर पाचशे, दूरच्या व्यापाराच्या गाड्या पाचशे, जवळच्या वाहतुकीच्या पाचशे, याहून अधिक नाही. कथेचा आध्यात्मिक अर्थ मुनिमहाराजांनी सांगावा. व्यापाऱ्याने त्यातून तीन कप्पे घ्यावेत. लहान दुकानदाराचे बहुधा सारेच व्यापारात लागलेले असते, आणि गल्ल्यातूनच घरखर्च, गल्ल्यातूनच मुलीचे शिक्षण. निधी नावाचा कप्पाच नसतो.

त्याची किंमत २०२० साली कळली. मार्चमध्ये टाळेबंदी आली, ऐन लग्नसराईत शटर खाली गेले. ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेचा पूर शहरात शिरला. खालच्या फळ्यांवरील माल चिखलात गेला. ज्यांच्या विम्यात पुराचा समावेश होता आणि मालाची यादी अद्ययावत होती, त्यांचे दावे उभे राहू शकत होते. ज्यांच्याकडे यादीच नव्हती, ते काय दाखविणार? तीन महिन्यांचा दुकानखर्च बँकेत मुदत ठेवीत असावा, मालाचा विमा प्रत्यक्ष साठ्याइतका असावा आणि मालकाने दरमहा ठराविक रक्कमच उचल म्हणून घ्यावी. मुलगा दुकानात बसत असेल तर त्यालाही ठरलेला पगार असावा. पंचविशीतील पदवीधर मुलाला पेट्रोलसाठी वडिलांपुढे हात पसरावा लागतो, आणि मग तो पुण्याला गेला म्हणून आश्चर्य व्यक्त केले जाते.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे अतिचार सांगताना खोटी मापे, हलका माल भारी म्हणून खपविणे आणि राज्याच्या नियमांचे उल्लंघन या गोष्टी चोरीच्या माल घेण्याच्या पंक्तीत बसविल्या आहेत. बिल न देण्याला ‘धंद्यात चालतेच’ म्हणणाऱ्यांनी हे स्थान पाहावे. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला जीएसटीत आपसमेळ योजनेचा सोपा मार्ग आहे, कर एक टक्का. त्यात खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही व गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही, म्हणून किरकोळ विक्रेत्यालाच ती सोयीची. बँकेला कर्ज मागताना हीच खरी उलाढाल उपयोगी पडते. लपविलेल्या विक्रीवर कोणतीही बँक मर्यादा मंजूर करीत नाही.

भांडवल नाही म्हणून थांबलेल्या तरुणांसाठी जळगावच्या भवरलालजी जैन यांचे स्मरण करावे. सरकारी अधिकाऱ्याची नोकरी मिळत असताना ती न स्वीकारता १९६३ मध्ये कुटुंबाच्या साठवणीतील सात हजार रुपयांवर त्यांनी रॉकेल विक्रीपासून प्रारंभ केला. पुढे शेतकऱ्याला काय हवे ते पाहत पाहत ते ठिबक सिंचनापर्यंत पोहोचले. वाकोदच्या शेतकरी घरातील तो मुलगा शेतकरी गिऱ्हाइकाला ओळखत होता, ही त्यांची खरी पुंजी. येथील दुकानदाराजवळ ती आहेच. पंचवीस गावांतील घरे, त्यांच्या मुलींची लग्ने, त्यांच्या धानाची स्थिती त्याला तोंडपाठ असते. ती माहिती वहीत उतरवावी, म्हणजे मुलालाही मिळेल.

शेवटी एक काम, जे संवत्सरी ते दिवाळी या काळात करता येईल. दुकानातील सर्व येणे बाकीची यादी तीन कागदांवर करावी. पहिल्या कागदावर देऊ शकणारे व देणारे. त्यांच्याकडून सही घ्यावी. दुसऱ्यावर देऊ शकणारे पण टाळणारे. त्यांना मुदत पाहून लेखी सूचना द्यावी व पुढची उधारी थांबवावी. तिसऱ्यावर ज्यांचे धान गेले, घरातील कर्ता गेला, अशी घरे. त्यांच्याकडे माणूस पाठवू नये. मालकाने स्वतः जावे, बाकी सोडल्याचे सांगावे, क्षमा मागावी व द्यावी, आणि ती रक्कम त्याच वर्षी बुडीत म्हणून खतावणीत नावे टाकावी. नवी वही उघडताना तिच्यात केवळ पहिल्या दोन कागदांवरील नावे उतरावीत.