पोस्टरच्या कोपऱ्यातली सही

माझं सगळं आयुष्य छापखान्यात गेलं. त्यामुळे पोस्टर दिसलं की इतर लोक चित्र बघतात, मी आधी कोपरा बघतो. तिथं बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव असतं आणि नशीब असेल तर चित्रकाराची सही. संगणकावर चित्रं पाहायला लागलो तरी ही खोड गेली नाही. तिनंच मला पोलंडला नेलं, घरबसल्या.

हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’चं पोस्टर शोधत होतो. समोर जे आलं त्यात ना नायक, ना नायिका. एक कवटी, आणि तिच्या कपाळावर नेमबाजीच्या फळीवर असतात तशी वर्तुळं. बस्स. चित्रकार रोमान चेश्लेविच, साल १९६३. सिनेमा अमेरिकेचा, पोस्टर पोलंडचं. मग त्या एका नावावरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं, असा मी त्या गल्लीत शिरलो तो कित्येक रात्री बाहेर आलोच नाही.

त्या गल्लीची हकिगत मोठी गमतीची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडमध्ये सिनेमाचा सगळा व्यवहार सरकारच्या हाती गेला. पोस्टर सरकारी खातं काढून घेणार. तिकीट खपवण्याची घाई नाही, नटनटीचे चेहरे मोठे करा म्हणणारा निर्माता नाही. कागद सुमार, छपाई त्याहून सुमार, म्हणून फोटोपेक्षा हातानं काढलेलं चित्रच बरं. चित्रकारानं सिनेमा पाहायचा आणि त्याला जे वाटलं ते काढायचं. हेन्रिक टोमाशेव्स्की यांना १९४८ मध्येच व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात पाच पहिली पारितोषिकं मिळाली होती. पुढं ते वॉर्साच्या कला अकादमीत तीसेक वर्षं शिकवत होते. त्यांच्या हाताखाली शिकून गेलेल्या फ्रेंच मुलांनी १९७० मध्ये पॅरिसला ‘ग्रापुस’ नावाचा गट काढला. विक्टर गुर्का यांचं ‘कॅबरे’चं १९७३ चं पोस्टर पाहा. नाचणाऱ्या पोरींचे पाय दिसतात, आणि दुसऱ्या क्षणी कळतं की त्या पायांचं स्वस्तिक झालंय, हिटलरचं. माझ्या अंगावर काटा आला. वॉर्साजवळ विलानूव्हला १९६८ पासून पोस्टरचं स्वतंत्र संग्रहालय आहे.

म्हणजे जिथं जाहिरातीची गरज नव्हती, तिथं जाहिरातीची कला फुलली! पण म्हणून त्या राजवटीचं कौतुक करायला मी तयार नाही. ४ जून १९८९ च्या निवडणुकीच्या सकाळी वॉर्साच्या भिंतींवर ‘हाय नून’मधला गॅरी कूपर चालत आला. हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका, छातीवर ‘सॉलिडॅरिटी’चा बिल्ला. तेही पोस्टरच होतं, टोमाश सार्नेत्स्की या तरुणाचं, आणि ते त्याच राजवटीविरुद्ध होतं. ती राजवट गेली, बाजार आला, आणि बाजाराबरोबर अमेरिकेतून तयार पोस्टरंही आली.

आपल्याकडे हे सगळं बाजारातच घडलं. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चं १९२४ चं पोस्टर भारतातल्या अगदी जुन्या सचित्र सिनेपोस्टरांत मोजतात. आणि ‘दीवार’चं पोस्टर तुम्हाला आठवत असेल, पण ते करणाऱ्या दिवाकर करकरे यांचं नाव किती जणांना माहीत आहे? आता तीच चित्रं मगांवर, टी-शर्टांवर, भ्रमणध्वनीच्या वेष्टनांवर छापलेली दिसतात. सही कुठं दिसत नाही.

माझी भाची पुण्यात गाण्याच्या कार्यक्रमांची पोस्टरं करते. तिचंच एक पोस्टर तिला व्हॉट्सअ‍ॅपवर परत आलं, कुणीतरी खालचा कोपरा कापून. लोक वा वा करत होते, आणि काम मात्र भलत्यालाच गेलं. तेव्हापासून ती सही चित्राच्या आत घालते. मागच्या पोस्टरात ती तबल्याच्या शाईत होती. शोधायला मला चष्मा पुसावा लागला. तुम्हाला एखादं चित्र निनावी आलं तर चित्रावरूनच मूळ चित्र शोधायची सोय इंटरनेटवर आहे. दोन मिनिटं लागतात, नाव बहुतेक वेळा सापडतं.

या भाचीमुळेच मी संगीताकडे वळलो, नाहीतर माझी मजल बालगंधर्वांपासून कुमारांपर्यंत. ती ज्यांची पोस्टरं करते त्यातल्या बहुतेकांना कंपनी नाही. ते स्वतःच ध्वनिमुद्रण करतात आणि स्वतःच इंटरनेटवर ठेवतात. ही वाट तशी जुनी. ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या मंडळींनी २०१० मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ या संग्रहातली गाणी महिन्याला एक अशी फुकट दिली. नाव म्हणजे करोल बागेतल्या ज्या बंगल्यात ते वर्षानुवर्षं तालीम करत त्याचा पत्ता. आणि त्यात तबल्यावर नि गाण्यात असलेले अशीम चक्रवर्ती संग्रह येण्याआधीच, डिसेंबर २००९ मध्ये, गेले होते. फुकट मिळालेलं ते गाणं मी फार जपून ऐकलं.

पण फुकटावर कलावंताचं घर चालत नाही. २००८ मध्ये निघालेलं ‘बँडकँप’ मला म्हणूनच पटतं. तिथं गाणं विकत घेता येतं, किंमत कलावंत ठरवतो, वाटलं तर आपण जास्त द्यायचे. गाण्यांच्या विक्रीतले साधारण पंधरा टक्के कंपनी ठेवते. कोरोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, एका शुक्रवारी त्यांनी आपला वाटा सोडला, आणि मग असे शुक्रवार अधूनमधून येत राहिले. कंपनी २०२२ आणि २०२३ अशी दोनदा विकली गेली, दुसऱ्या वेळी निम्म्याच्या आसपास माणसं घरी गेली. तेव्हा उद्याची खात्री कुणी द्यावी?

मी मात्र असा शुक्रवार आला की दोन-तीन गाणी घेतो. ऐकण्याआधी गाण्याखालची नावं वाचतो. वाजवलं कुणी, ध्वनिमुद्रण कुणी केलं, मुखपृष्ठ कुणाचं. मागच्या खेपेला एक मुखपृष्ठ इतकं आवडलं की त्या चित्रकाराचं बाकीचं काम बघता बघता रात्रीचा एक वाजला, आणि गाणं ऐकायचं राहूनच गेलं.