आपल्या गच्चीवरचे आकाश
(पालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



एकोणतिसाव्या संध्याकाळी चांद पाहायला आपण सारेच गच्चीवर किंवा माळवदावर चढतो. चांद दिसला की एकमेकांना मुबारकबाद देतो आणि खाली उतरतो. माझी विनंती एवढीच, की चांद मावळल्यावर आणखी तासभर वर थांबा. आकाशातल्या अंधुक वस्तू चांदण्यात बुडून जातात. हिजरी महिन्याचे पहिले तीन-चार दिवस आणि वीस तारखेनंतरचे दिवस, या काळात रात्री दहाच्या सुमारास चंद्राचा अडथळा नसतो. म्हणजे आकाशनिरीक्षणाचे वेळापत्रक आपल्या घरातल्या कॅलेंडरवर आधीच छापलेले आहे.

आता काय पाहायचे ते सांगतो. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री साडेनऊ-दहाला उत्तरेकडे सप्तर्षी शोधा. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की तांबूस, ठळक स्वाती लागते आणि आणखी पुढे पांढरी चित्रा. डोक्यावरून जरा पश्चिमेला सिंह राशीच्या शेपटीचा तारा आहे, उत्तरा फाल्गुनी. इंग्रजीत त्याला डेनेबोला म्हणतात. हा शब्द अरबी ‘ज़नब अल-असद’ म्हणजे ‘सिंहाची शेपूट’ यावरून आला. स्वाती आणि उत्तरा यांच्या मध्यावरून थोडे दक्षिणेला कन्या राशीतला एक मध्यम तेजाचा तारा दिसेल. तो आणि उत्तरा यांच्या बरोबर मधली जागा लक्षात ठेवा. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. पण चार ते सहा इंची दुर्बीण तिकडे वळवली, की पिंजलेल्या कापसाच्या बारीक पुंजक्यांसारखे अंधुक डाग एकामागून एक दिसू लागतात.

यातला प्रत्येक डाग ही एक दीर्घिका आहे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी अब्जावधी ताऱ्यांची वस्ती. अशा तेराशे ते दोन हजार दीर्घिकांचे हे एक गावच आहे. याला कन्या दीर्घिका-समूह म्हणतात. आपल्या जवळचा मोठा समूह हाच, आणि तरीही त्याचे अंतर सुमारे ५ कोटी ४० लाख प्रकाशवर्षे आहे. आपल्या शेतातली काळी माती ज्या काळ्या दगडापासून झाली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. तो थंड होऊन कोटभर वर्षे लोटली, तेव्हा निघालेला प्रकाश आज आपल्या माळवदावर उतरतो आहे.

१८ मार्च १७८१ च्या रात्री फ्रान्सच्या शार्ल मेसिए यांनी याच भागातले अनेक डाग टिपले. ते खरे धूमकेतू शोधत होते. डाग म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हते, तरी त्यांनी जागा नीट नोंदवल्या. त्यांच्याही आधी, इ. स. ९६४ च्या सुमारास, अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी आपल्या ग्रंथात देवयानी तारकासमूहातला एक ‘छोटा ढग’ नोंदवला होता. तीही दीर्घिकाच होती, हे विसाव्या शतकात एडविन हबल यांच्या कामामुळे कळले. मेसिए यांच्या यादीतल्या ८७ व्या दीर्घिकेच्या मध्यावर असलेल्या कृष्णविवराचे चित्र १० एप्रिल २०१९ रोजी जगाने पाहिले. प्रामाणिक नोंद कधी वाया जात नाही, ती अशी.

काही पालक विचारतात, “सर, हे परीक्षेत येते का?” प्रश्न रास्त आहे, कारण फी घामाच्या पैशातून भरली जाते. माझे उत्तर असे, की डोळ्यांनी पाहणे, धीराने थांबणे आणि जे दिसले तेवढेच लिहिणे ही सवय ज्याला लागली, तो कुठल्याच परीक्षेत मागे राहत नाही. पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मीन राशीच्या दिशेला सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर दीर्घिका-समूहांचा एक महासमूह शोधला आणि त्याला ‘सरस्वती’ नाव दिले. ते काम करणाऱ्यांत एक संशोधक विद्यार्थीही होता. पुणे लांब वाटत असेल, तर औंढा नागनाथ पाहा. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा होईपर्यंत ते आपल्याच परभणी जिल्ह्यात होते. तिथल्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. दूरच्या दीर्घिकांत कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, की उठणाऱ्या लहरी तिथे टिपायच्या आहेत. तिथे कामाला जगभरची माणसे येतील. त्यांत आपली मुले फक्त पहारेकरी म्हणून असावीत की संशोधक म्हणूनही, हे दहावीनंतर आपण त्यांना शिकू देतो की नाही यावर ठरेल.

मुलींबद्दल खास सांगतो. गच्ची घराचीच आहे. अब्बा, अम्मी, भाऊ सोबत आहेत. मुलाला वर बोलावता तसे मुलीलाही बोलवा, आणि वही तिच्याही हातात द्या.

संस्थेला माझी सूचना आहे, की शाळेसाठी एक सहा इंची दुर्बीण घ्यावी आणि सुटीत ती मोहल्ल्या-मोहल्ल्यात फिरवावी. विद्यार्थी मित्रांनो, दुर्बीण येईपर्यंत स्वाती, चित्रा आणि उत्तरा ओळखून ठेवा. तारीख, वेळ आणि जे दिसले ते वहीत लिहा. शाळा उघडली की त्या वह्या मला दाखवा. मी वाट पाहीन.